विमा खाटेचा, खर्च गोळ्यांचा

"बाबा, तुमचा मेडिक्लेम आहे ना? मी दरवर्षी हप्ता भरतो. मग औषधांचे पैसे तुम्ही खिशातून का भरता?"

पुण्याहून मुलाचा फोन आला की दुर्गच्या एखाद्या घरात हा प्रश्न हमखास निघतो. वडील गप्प बसतात. विमा असूनही औषधे विकतच आणावी लागतात, हे त्यांना अनुभवाने ठाऊक असते. पण ते का, हे सांगता येत नाही. आई तेवढ्यात फोन हातात घेते, "अरे, चाललंय रे आमचं, तू काळजी करू नकोस," असे म्हणते आणि विषय पावसापाण्याकडे वळवते.

असे एक जोडपे डोळ्यांपुढे आणू. काका बहात्तर वर्षांचे; भिलाईच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका खासगी कारखान्यात हिशेबनीस होते. काकू अडुसष्टच्या. मूळ घर भंडाऱ्याकडचे. दुर्ग-भिलाईत अशी मराठी घरे पुष्कळ. १९५६ पर्यंत दुर्ग आणि नागपूर एकाच राज्यात होते आणि राजधानी नागपूरच होती. त्यानंतर पोलाद कारखान्याने विदर्भातली कितीतरी माणसे इकडे ओढून आणली. काकांना रक्तदाब, मधुमेह आणि कोलेस्टेरॉल. काकूंना रक्तदाब आणि थायरॉइड. दोघांच्या गोळ्यांचा खर्च महिन्याला ४,१०० रुपये, म्हणजे वर्षाला ४९,२०० रुपये. मुलगा विम्याचा हप्ता भरतो तो साधारण ४६,००० रुपये. दोन्ही मिळून ९५,२०० रुपये होतात. भविष्य निर्वाह निधी योजनेतून काकांना मिळणारे निवृत्तिवेतन या रकमेच्या जवळपासही जात नाही.

म्हणून काकूंनी एक युक्ती शोधली. त्या स्वतःची रक्तदाबाची गोळी सुरीने अर्धी कापून घेऊ लागल्या. महिन्याचे पाकीट दोन महिने पुरू लागले. काकांना याचा पत्ता नव्हता. एके दिवशी सकाळी मोरीत चक्कर येऊन त्या पडल्या. रक्तदाब मोजला तेव्हा वरचा आकडा दोनशेच्या आसपास होता. हाड मोडले नाही, एवढेच नशीब.

घरातल्या कित्येक आजी-काकू हेच करतात, फक्त बोलत नाहीत. त्यातही ज्या गोळीच्या नावापुढे एसआर, ईआर किंवा एक्सएल अशी अक्षरे असतात, ती दिवसभर हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेली असते. ती कापली की औषध एकदम अंगात उतरू शकते. तेव्हा बचत तर होत नाहीच, वर उलटा परिणाम होण्याची भीती.

विमा गोळ्यांचे पैसे का देत नाही?

मेडिक्लेम नावाची पॉलिसी आपल्याकडे १९८६ मध्ये आली. तेव्हापासून तिचा साचा एकच आहे: माणूस रुग्णालयात दाखल झाला, साधारण चोवीस तास खाटेवर राहिला, तर त्या खर्चाची भरपाई. मोतीबिंदू किंवा डायलिसिससारख्या, एका दिवसात उरकणाऱ्या उपचारांना पुढे सवलत मिळाली. पण डॉक्टरकडे जाऊन चिठ्ठी आणायची आणि मेडिकलमधून गोळ्या घ्यायच्या, याला विम्याच्या भाषेत ओपीडी म्हणतात, आणि साध्या पॉलिसीत ओपीडी बसत नाही.

यामागे कंपनीचा कंजूषपणा असतोच असे नाही. विमा चालतो तो अनिश्चित गोष्टीवर. शंभर घरांनी पैसे जमवायचे आणि ज्या पाच घरांवर संकट येईल त्यांना द्यायचे, हा त्याचा मूळ हिशेब. रोजची गोळी हे संकट नव्हे; तो किराण्यासारखा ठरलेला खर्च आहे. सत्तरीतल्या शंभर माणसांपैकी बहुतेकांना ती लागणारच. मग कंपनी जेवढे देणार तेवढेच, किंबहुना आपला खर्च धरून थोडे जास्तच, हप्त्यातून काढून घेणार.

हे आकड्यांनी पाहिले तर लगेच पटते. समजा, एखाद्या एजंटने सांगितले, "काका, वर्षाला ७,५०० रुपये जास्त भरा, १०,००० रुपयांपर्यंतची औषधे मिळतील." ऐकायला अडीच हजारांचा फायदा. पण त्या कलमात २० टक्के सहभाग असेल, म्हणजे प्रत्येक बिलातला पाचवा हिस्सा आपण सोसायचा असेल, तर हाती येणार ८,००० रुपये. फायदा उरला ५०० रुपयांचा. त्यासाठी वर्षभर बिले जपा, अर्ज भरा, एखादे बिल नाकारले गेले की फोन करत बसा. शिवाय काही पॉलिसींत ही औषधे ठरावीक दुकानांतूनच घ्यावी लागतात. दुर्गच्या इंदिरा मार्केटमधले आपले ओळखीचे दुकान त्या यादीत नसेल, तर सगळाच हिशेब फसला. ओपीडीचे कलम घ्यायचेच असेल तर तीन आकडे कागदावर मांडावेत: जादा हप्ता किती, मर्यादा किती आणि आपला सहभाग किती. चौथा प्रश्न दुकानाचा.

साता समुद्रापार

मुले अमेरिकेत असलेल्या घरांत आणखी एक गैरसमज आढळतो: "तिकडे म्हाताऱ्यांना औषधांचा विमा असतो, मग इकडे का नाही?" तिकडे तो आहे हे खरे. पासष्टीपुढच्या लोकांसाठी असलेल्या मेडिकेअरमध्ये औषधांचा स्वतंत्र विभाग २००६ मध्ये सुरू झाला. परंतु तोही फुकट नाही. महिन्याचा हप्ता वेगळा, सुरुवातीला स्वतः भरायची रक्कम वेगळी, आणि प्रत्येक कंपनीची औषधांची यादी वेगळी. यादीतल्या वरच्या पायरीचे महागडे औषध असेल तर आपला हिस्साही मोठा. मध्येच एक टप्पा असा यायचा की विमा हात आखडता घेई आणि म्हातारा माणूस ऐन वर्षात एकटा पडे. तो खड्डा बुजायला बरीच वर्षे गेली. २०२५ पासून मात्र वर्षाला २,००० डॉलरपेक्षा जास्त पैसे रुग्णाच्या खिशातून जाणार नाहीत, अशी मर्यादा आली; २०२६ साठी ती २,१०० डॉलर आहे. म्हणजे तिथेही यादी वाचल्याशिवाय गत्यंतर नाहीच.

भारतात एकंदर आरोग्यखर्चापैकी लोकांनी स्वतःच्या खिशातून केलेला हिस्सा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता. २०२१-२२ मध्ये तो ३९.४ टक्क्यांवर आला. घसरण मोठी आहे. पण खिशातून जाणाऱ्या पैशात औषधांचा वाटा सर्वांत मोठा राहिला आहे, आणि तो वाटा उचलतात ती काका-काकूंसारखी घरे.

जे आहे ते तरी पदरात पडावे

साध्या पॉलिसीतही औषधांचे पैसे मिळण्याची एक वाट असते, आणि ती बहुतेकांना माहीतच नसते.

समजा, काकांना छातीत दुखले, अँजिओप्लास्टी झाली, चार दिवस रुग्णालयात राहून ते घरी आले. रुग्णालयाचे बिल कॅशलेसने भागले. सगळ्यांना वाटले, सुटलो. त्यानंतर दोन महिन्यांत रक्त पातळ करण्याच्या आणि इतर नव्या गोळ्यांना, तपासण्यांना नऊ-दहा हजार रुपये लागले, ते मुलाने भरले. वास्तविक बऱ्याच पॉलिसींत दाखल होण्यापूर्वीचे ३० आणि घरी आल्यानंतरचे ६० दिवस धरलेले असतात. एप्रिल २०२० मध्ये सर्व कंपन्यांनी एकसारख्या अटींवर आणलेल्या 'आरोग्य संजीवनी' पॉलिसीतही हेच दिवस आहेत. या काळातली त्याच आजाराची औषधे, तपासण्या, डॉक्टरची फी हे सारे मागता येते. मात्र हे पैसे कॅशलेसमध्ये आपोआप येत नाहीत. बिले गोळा करून, वेगळा अर्ज भरून, पॉलिसीत दिलेल्या मुदतीत पाठवावी लागतात. मेडिकलवाल्याकडून पक्के बिल घ्यावे. त्यावर रुग्णाचे आणि डॉक्टरांचे नाव, तारीख आणि औषधाचा बॅच नंबर हवा. साध्या चिठोऱ्यावर लिहिलेली बेरीज कोणी मान्य करत नाही.

खोलीभाड्याचीही एक गंमत आहे. पॉलिसीत जेवढ्या भाड्याची खोली मान्य आहे, त्याहून महाग खोली घेतली तर कंपनी त्याच प्रमाणात डॉक्टरांची फी आणि शस्त्रक्रियेचा खर्चही कापते. पण औषधे, तपासण्या आणि शरीरात बसवलेले स्टेंटसारखे साहित्य यांवर अशी प्रमाणशीर कपात करता येत नाही, असे विमा नियामकाने २०२० मध्ये स्पष्ट केले. बिलाची मंजुरी हातात आल्यावर औषधांच्या ओळीवर बोट ठेवून बघावे. कर्करोगाच्या तोंडाने घ्यायच्या औषधांबाबतही, "गोळ्या आहेत, म्हणजे ओपीडी" असे उत्तर मिळाले तर तिथेच थांबू नये; ओरल किमोथेरपी हा नियामकाने मान्य केलेल्या आधुनिक उपचारांपैकी एक आहे. पॉलिसीत त्यासाठी किती मर्यादा आहे, ते विचारावे.

भिलाईची आपली गोष्ट

दुर्ग जिल्ह्यात एक वर्ग असा आहे की त्याचा प्रश्न थोडा निराळा. भिलाई पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी फेब्रुवारी १९५९ मध्ये राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. तेव्हापासून कारखान्यात काम केलेल्या माणसाच्या तोंडी 'सेक्टर नाइन' म्हणजे दवाखाना. जवाहरलाल नेहरू रुग्णालय हे त्याचे खरे नाव, पण ते फक्त कागदावर. निवृत्त कर्मचारी आणि त्याचा जोडीदार यांना तिथल्या उपचाराचा आधार असतो. जे भिलाईतच राहिले, त्यांना तो मोठा दिलासा.

पण पुष्कळ जण निवृत्तीनंतर नागपूर, अमरावती, पुणे असे गाव गाठतात. त्यांच्यासाठी सेलची मेडिक्लेम योजना आहे. ही समूह विमा योजना असून तिच्यात दाखल होण्याच्या खर्चाबरोबर ओपीडीसाठीही वेगळी मर्यादा ठेवलेली असते. बाजारातल्या साध्या पॉलिसीत जे मिळत नाही, ते इथे मिळते. तरी कित्येक घरांत "थोड्या पैशांसाठी कोण कागद रंगवणार" म्हणून ओपीडीची बिले पाठवलीच जात नाहीत. योजनेची पुस्तिका त्या-त्या वर्षाची वाचावी, मागच्या वर्षाची नव्हे. हप्ता आणि मर्यादा बदलतात. नूतनीकरणाची शेवटची तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयावर लाल शाईने लिहून ठेवावी. नवरा गेल्यानंतर कागद कुठे आहेत हेच पत्नीला ठाऊक नसते, असे या वसाहतींतून अनेकदा घडते. सदस्य क्रमांक आणि पासबुक कुठल्या कपाटात आहे, हे आजच काकूंना दाखवून ठेवायला काय हरकत आहे?

लहान कारखान्यांत काम केलेल्यांना आणखी एक हक्क असतो. ज्यांची किमान पाच वर्षे कर्मचारी राज्य विम्यात, म्हणजे ईएसआयमध्ये भरली आणि जे वयोमानाने निवृत्त झाले, त्यांना महिना १० रुपयांप्रमाणे वर्षाचे १२० रुपये भरून स्वतःसाठी आणि जोडीदारासाठी ईएसआयची वैद्यकीय सेवा चालू ठेवता येते. यात दवाखान्यातून मिळणारी औषधेही आली. एकशे वीस रुपये! वर उल्लेखलेल्या काकांनी बारा वर्षांत याची चौकशीच केली नव्हती, कारण नोकरी सुटली की कार्डही संपले, असे त्यांनी धरून ठेवले होते.

सत्तरीनंतरचे कार्ड

२९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेत ५ लाख रुपयांचे संरक्षण मिळू लागले. 'आयुष्मान वय वंदना' हे त्या कार्डाचे नाव. खासगी विमा असला तरी हे कार्ड काढता येते. केंद्र सरकारी आरोग्य योजना किंवा माजी सैनिकांची योजना असेल तर मात्र दोन्हींतील एक निवडावी लागते. कंपनीच्या निवृत्तांच्या योजनेत असाल तर अर्ज करण्यापूर्वी योजनेच्या कचेरीत विचारून घ्यावे. चौकशीचा क्रमांक १४५५५.

काकांनी कार्ड काढले. काकू अडुसष्टच्या, त्यांना अजून दोन वर्षे आहेत. काकांना वाटले, आता गोळ्याही सुटल्या. तसे नाही. हे कार्डही खाटेचेच. दाखल होण्याआधीचे तीन दिवस आणि घरी परतल्यानंतरचे पंधरा दिवस एवढ्या काळातली औषधे त्यात धरली आहेत. सोळाव्या दिवसापासून पुन्हा आपले पाकीट.

मग पाकीट हलके कसे होणार नाही?

जिथे विमा पोहोचत नाही तिथे भाव पाहावा लागतो, आणि भावात खरोखरच मोठा फरक असतो. मधुमेहाच्या सिटाग्लिप्टिन या औषधाचे उदाहरण घ्या. २०२२ मध्ये त्याचे पेटंट संपले. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये जनऔषधी केंद्रांत ५० मिलिग्रॅमच्या दहा गोळ्या ६० रुपयांना आल्या, तेव्हा नामांकित कंपन्यांच्या दहा गोळ्यांचा भाव १६२ ते २५८ रुपये होता. मार्च २०२५ मध्ये एम्पाग्लिफ्लोझिनचेही पेटंट संपले आणि अनेक कंपन्यांनी ते पुष्कळ कमी किमतीत बाजारात आणले. पण चिठ्ठी तीन वर्षांपूर्वीची असेल तर मेडिकलवाला तेच जुने नाव काढून देणार. दर सहा महिन्यांनी डॉक्टरांना विचारावे, "डॉक्टरसाहेब, यातली एखादी गोळी आता स्वस्तात मिळते का? एखादी बंद करता येईल का?" दुसरा प्रश्न पहिल्याहून महत्त्वाचा. चार डॉक्टरांनी चार वेळा लिहिलेल्या चिठ्ठ्यांत एकच औषध दोन नावांनी चालू असते, हे क्वचितच कोणी पाहते.

पहिले जनऔषधी दुकान २००८ मध्ये अमृतसरला उघडले. आता देशभर त्यांची संख्या पंधरा हजारांच्या पुढे गेली आहे. चिठ्ठीवर कंपनीचे नाव लिहिलेले असेल तर दुकानदाराने परस्पर बदल करून देणे योग्य नाही. म्हणून डॉक्टरांकडूनच औषधाचे मूळ नाव लिहून घ्यावे. डॉक्टरांनी शक्यतो मूळ नाव सुवाच्य अक्षरांत लिहावे, असा वैद्यक परिषदेचा नियम २०१६ पासून आहेच. काही औषधांच्या बाबतीत मात्र घाई नको. थायरॉइडची गोळी, फेफऱ्याची औषधे, रक्त पातळ करणारे वॉरफॅरिन यांची कंपनी बदलायची तर डॉक्टरांना सांगून, आणि ते म्हणतील तेव्हा तपासणी करूनच बदलावी.

२२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. वैयक्तिक आणि कौटुंबिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा १८ टक्के कर तर पूर्ण गेला. समूह विम्याला ती सूट नाही. जानेवारी २०२५ मध्ये नियामकाने आणखी एक लगाम घातला: साठीपुढच्यांचा हप्ता वर्षात दहा टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर कंपनीने आधी नियामकाशी बोलले पाहिजे. नूतनीकरणाची नोटीस आली की मागच्या वर्षीचा कागद शेजारी ठेवून वाढ किती टक्के झाली ते काढावे. आणि हप्ता जड झाला म्हणून जुनी पॉलिसी सोडून देण्याआधी दहादा विचार करावा. जुने आजार धरण्यासाठी नव्या पॉलिसीत तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. कंपनी बदलायचीच असेल तर नूतनीकरणाच्या किमान ४५ दिवस आधी पोर्टिंगचा अर्ज करावा, म्हणजे जुनी वर्षे वाया जात नाहीत.

दावा नाकारला गेला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार. महिनाभरात उत्तर नाही किंवा उत्तर पटले नाही, तर विमा लोकपाल. छत्तीसगडसाठी त्यांची कचेरी भोपाळला आहे. तिथे फी नाही, वकील लागत नाही. कंपनीच्या नकारानंतर एका वर्षाच्या आत अर्ज गेला पाहिजे.

काकूंच्या चक्करेनंतर मुलगा दोन दिवसांसाठी दुर्गला आला. त्याने आईला रागावून काही विचारले नाही. जेवणाच्या टेबलावर सगळ्या गोळ्या ओतल्या, वहीत नावे लिहिली आणि दुसऱ्या दिवशी तिघेही डॉक्टरांकडे गेले. सात गोळ्यांपैकी एक बंद झाली. चार गोळ्यांची मूळ नावे लिहून मिळाली. थायरॉइडची होती तीच राहिली. महिन्याचा खर्च ४,१०० वरून २,३०० रुपयांवर आला, म्हणजे वर्षाचे २१,६०० रुपये वाचले. ईएसआयच्या जुन्या कार्डाचा शोध अजून चालू आहे. ते माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत असावे, असे काका म्हणतात.

जाताना मुलाने स्वयंपाकघरातली ती छोटी सुरी उचलून आपल्या बॅगेत टाकली. "अरे, लिंबू कशाने चिरू?" काकू म्हणाल्या.